एका ग्रहाची उमेदवारी



कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावर उभे राहून आकाशातल्या ग्रहाविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. चिटणिसांनाही ते वाटले. त्यांनी विषय विचारला तेव्हा किमान वेतन, नाहीतर कंत्राटी कामगारांचा कायदा असे काहीतरी उत्तर येईल, अशी त्यांची समजूत होती. मी म्हणालो, "गॅमा वृषपर्वा नावाच्या ताऱ्याभोवती फिरणारा एक राक्षसी ग्रह." ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि मग मोठ्या सभ्यपणाने म्हणाले, "पण यात तुमचा विषय कुठे येतो?" तो येतो. कुठे येतो ते सांगण्याआधी मात्र आपल्याला बरीच वाट चालावी लागेल.

माझे शालेय शिक्षण दहावीला थांबले. पुढचे जे काही झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर आणि रात्रपाळीच्या फाटकाशी, पाळी सुटायची वाट पाहत असताना. तेव्हा गणिताच्या खोल पाण्यात मी आपल्याला नेणार नाही. मला स्वतःलाच तिथे पोहता येत नाही. पण एक गोष्ट कोणी, केव्हा, कोणत्या परिस्थितीत शोधून काढली, आणि शोधणाऱ्याचे पुढे काय झाले, हे विचारायची सवय मला धंद्यानेच लागली आहे.

प्रथम तारा कोणता ते पाहू. उत्तरेकडच्या काही तारकापुंजांना मराठीत ययातीच्या कथेतली नावे आहेत. शर्मिष्ठा, देवयानी, ययाती आणि शर्मिष्ठेचा बाप वृषपर्वा. हा असुरांचा राजा. पण राजाला साजेसे तेज त्याच्या पुंजात नाही. लहान मुले पाटीवर उतरत्या छपराचे घर काढतात ना, तशी त्याची आकृती, आणि छपराचे जे टोक तो गॅमा. अरबांनी त्याला मेंढपाळ म्हटले आणि त्यांच्याकडून एराई हे नाव जगभर गेले. हा तारा आपल्यापासून सुमारे ४५ प्रकाशवर्षे दूर आहे. आणखी हजारएक वर्षांनी, पृथ्वीचा अक्ष हळूहळू कलत कलत त्याच्याजवळ येईल आणि तो आपला ध्रुवतारा होईल. आज रात्री मात्र घरी जाताना तो शोधू नका. वसंतात संध्याकाळी तो ध्रुवाच्या खाली, क्षितिजाला जवळजवळ टेकलेला असतो आणि धुळीत बुडून जातो.

असुरांच्या राजाच्या घरी ग्रहही राक्षसीच निघाला, हा योगायोग. आपल्या गुरूच्या निदान दीडपटीहून जड असा हा वायूचा गोळा आहे. तो साधारण अडीच वर्षांत एक फेरी पुरी करतो. सूर्यापासून पृथ्वी जितकी दूर, त्याच्या दुपटीइतके अंतर त्याच्यात आणि त्याच्या ताऱ्यात आहे. त्या ताऱ्याला आणखी एक लहान, तांबूस भावंड आहे. ते सुमारे ६६ वर्षांत त्याच्याभोवती फिरते. म्हणजे त्या ग्रहाच्या आकाशात दोन सूर्य आहेत. इतक्या जवळ दुसरा तारा घिरट्या घालत असताना हा ग्रह घडला तरी कसा, हे कोडे शास्त्रज्ञांना अजून त्रास देते.

आता, दिव्याशेजारचा काजवा ४५ प्रकाशवर्षांवरून दिसेल कसा? दिसत नाही. मग तो आहे हे कळले कसे? याचे उत्तर फुगडीत आहे. एक मोठी बाई आणि एक लहान पोर फुगडी घालत आहेत अशी कल्पना करा. पोर मोठ्या वर्तुळात गरगर फिरते. बाई जागीच उभी आहे असे वाटते, पण तिच्याही पावलांना थोडेसे सरकावे लागते, नाहीतर तोल जाईल. अंधारात पोर दिसत नसेल, पण बाईची पावले सरकताना दिसली, तर तिने कोणाचे तरी हात धरले आहेत हे ओळखता येते. आपला सूर्यही गुरूच्या ओढीने असाच डुलतो. त्या डुलण्याचा वेग सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. एसटीची गाडी गावाच्या वेशीत शिरताना जितकी हळू होते तितका. आणि हे एक डुलणे पुरे व्हायला जवळजवळ १२ वर्षे लागतात.

हा वेग मोजण्याची युक्ती १८४२ साली क्रिस्तियान डॉप्लर याने प्राग शहरी सांगितली. फलाटावर उभे असताना शिट्टी देत येणाऱ्या गाडीचा आवाज चढा वाटतो आणि गाडी पुढे गेली की तोच आवाज उतरतो. प्रकाशाचेही तसेच. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेऊन त्याचा वर्णपट पसरला की त्यात बारीक काळ्या रेघा दिसतात. तारा आपल्याकडे येत असेल तर त्या निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या बाजूला. तत्त्व सोपे आहे, पण माप पाहा. ताशी ४५ किलोमीटर वेगाने रेघ किती सरकेल? तिच्या लांबीच्या दोन कोटी चाळीस लाखांत एक भाग. नेहमीच्या कामात सेकंदाला एक किलोमीटर इतपत अचूकता मिळाली तरी ज्योतिषी समाधानी असत, अशा काळातली ही गोष्ट आहे.

याच्या आधी परग्रह सापडल्याच्या वार्ता कमी आल्या नव्हत्या. त्यांतल्या एकीचा धागा आपल्या प्रांताशी जुळतो. कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब हा मुंबई इंजिनियर्समधला अधिकारी. त्याने १८४२ साली पुण्यात स्वतःची खाजगी वेधशाळा थाटली होती. पुढे १८४८ मध्ये तो मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख झाला आणि तेथून त्याने १८५५ मध्ये लिहिले की भुजंगधारी पुंजातल्या ७० क्रमांकाच्या जोडताऱ्याची कक्षा हिशेबात बसत नाही, तिथे न दिसणारी एखादी वस्तू असावी. ती वस्तू नव्हती, मोजमापातल्या चुका होत्या. १८६२ मध्ये तो पुण्याजवळ नवी वेधशाळा उभारण्यासाठी पुन्हा आला. ८ ऑगस्टला मुंबईस उतरला आणि १६ ऑगस्टला पुण्यात वारला. शंभर वर्षांच्या वाटचालीतला पहिला चुकलेला माणूस पुण्याच्या मातीत संपला, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

दुसरी वार्ता फार गाजली. अमेरिकेत स्प्राउल वेधशाळेत पीटर व्हॅन द काम्प नावाचा अत्यंत चिकाटीचा गृहस्थ होता. त्याने बर्नार्डच्या ताऱ्याची छायाचित्रे १९३८ पासून वर्षानुवर्षे घेतली आणि १९६३ मध्ये जाहीर केले की त्याच्याभोवती गुरूहून मोठा ग्रह २४ वर्षांत फिरतो. पाठ्यपुस्तकांत ते छापलेही गेले. १९७३ मध्ये दुसऱ्या दोघांनी वेगळ्या दुर्बिणींच्या छायाचित्रांवर तपासले, तर ग्रह नाही. त्याच सुमारास त्याच वेधशाळेतल्या एकाने दाखवले की १९४९ आणि १९५७ मध्ये दुर्बिणीच्या भिंगाच्या चौकटीत दुरुस्त्या झाल्या, नेमक्या तेव्हाच तारा हललेला दिसतो. एकटा तोच नव्हे, इतर तारेही. यंत्र उघडून पुन्हा बसवले की मापात फरक पडतो, हे कोणताही फिटर सांगेल. व्हॅन द काम्प मात्र १९९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत आपल्या ग्रहावर विश्वास ठेवून राहिला. मला त्याचे हसू येत नाही. (त्या ताऱ्याभोवती २०२४ मध्ये खरोखरच ग्रह सापडू लागले, पण ते पृथ्वीहूनही लहान. त्याचा राक्षस त्यांत नाही.)

या दोन फजित्या मी मुद्दाम सांगितल्या. कारण १९८० च्या सुमारास जो कोणी "मला परग्रह सापडला" असे म्हणेल, त्याच्याकडे विद्वान मंडळी कोणत्या नजरेने पाहणार होती, ते आपल्याला समजले पाहिजे. हा विषयच बदनाम होता. चांगल्या घरच्या मुलाने त्यात पडू नये, अशा प्रकारचा.

त्याच काळात कॅनडात व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात गॉर्डन वॉकर हे प्राध्यापक होते आणि डॉक्टरेटनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या जागेवर त्यांच्याकडे ब्रूस कॅम्बेल हा तरुण आला होता. रेघ किती सरकली हे मोजायचे तर शेजारी पट्टी हवी. नेहमीची पद्धत अशी की आधी ताऱ्याचा प्रकाश घ्यायचा, मग एका दिव्याचा, आणि दोन्हींची तुलना करायची. पण दोन प्रकाश दोन वेगळ्या वाटांनी येतात, मधल्या वेळात यंत्र थंडीने आखडते आणि माप बिघडते. वॉकर आणि कॅम्बेल यांनी १९७९ मध्ये असे सुचवले की ताऱ्याच्या प्रकाशाच्या वाटेतच वायूने भरलेली नळी ठेवावी. त्या वायूच्या रेघा ताऱ्याच्या प्रकाशावरच उमटतील. कापड गजाने मोजण्याऐवजी कापडावरच गजाच्या खुणा छापाव्यात, तसे. मग कापड आखडो की ताणो, खुणा बरोबरच आखडतील.

वायू निवडला तो हायड्रोजन फ्लोराइड. त्याच्या रेघा मोजक्या, सुटसुटीत आणि बरोबर हव्या तिथे. पण हा वायू म्हणजे साप. पाण्यात विरघळला की त्याचे जे आम्ल होते, त्याने काचेवर नक्षी कोरतात, आणि त्याला मी ओळखतो. काचकामाच्या एका कारखान्यात एका पोराच्या बोटांवर ते उडाले होते. सुरुवातीला फारसे दुखत नाही, म्हणून माणूस हात धुऊन पुन्हा कामाला लागतो, आणि काही तासांनी ते हाडापर्यंत पोचलेले असते. असा वायू तापवलेल्या नळीत भरून, हवाई बेटावरच्या मौना केआ पर्वतावर, ४२०० मीटर उंचीवर, जिथे विरळ हवेने डोके हलके होते तिथे, ही मंडळी रात्री काम करीत होती. दुर्बीण ३.६ मीटरची, कॅनडा, फ्रान्स आणि हवाई यांच्या भागीदारीतली. वेळ वाटून मिळायचा. त्यांच्या वाट्याला वर्षातून मोजक्या रात्री येत. त्यांतली एखादी ढगात गेली की पुढल्या पाळीची वाट पाहायची.

पण त्यांची अचूकता सेकंदाला तेरा-चौदा मीटरपर्यंत पोचली. त्यापूर्वी कोणीही ताऱ्यांचा इतका काटेकोर हिशेब ठेवला नव्हता. गुरूसारखा ग्रह मोठा असेल किंवा ताऱ्याजवळ असेल, तर तो या जाळ्यात सापडायला हवा होता.

आणि सापडला, असे वाटले. १९८७ च्या जूनमध्ये व्हँकूव्हरला भरलेल्या अधिवेशनात कॅम्बेल यांनी निष्कर्ष वाचले. १९८८ मध्ये कॅम्बेल, वॉकर आणि स्टीव्हनसन यांग या तिघांच्या नावाने निबंध छापून आला. सहा वर्षांत १६ तारे तपासले होते. गॅमा वृषपर्वा हा त्यांतला एक. त्याचा वेग एका बाजूने सारखा बदलत होता, ती त्या तांबूस भावंडाची ओढ. पण त्या मोठ्या चढावर एक बारीक लाट स्वार होती. सेकंदाला २५ मीटरची, म्हणजे ताशी ९० किलोमीटरची, सुमारे २.७ वर्षांत पुरी होणारी. निबंधात त्यांनी लिहिले की हे बहुधा तिसऱ्या वस्तूमुळे असावे. "बहुधा" हा शब्द त्यांनी घातला. व्हॅन द काम्पची गत त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

श्रोतेहो, इथे माझा विषय येतो.

ग्रह अडीच वर्षांचा. त्याची एक फेरी म्हणजे योगायोग, दोन फेऱ्या म्हणजे संशय, चार-पाच फेऱ्या झाल्या की पुरावा. म्हणजे दहा-बारा वर्षे. आणि गुरूच्या कक्षेतला ग्रह असेल तर एकाच फेरीला १२ वर्षे. हे काम करणारा माणूस मात्र वर्ष-दोन वर्षांच्या नेमणुकीवर. ज्याची नेमणूक ग्रहाच्या एका फेरीआधीच संपते, त्याने त्या ग्रहाचा हजेरीपट ठेवायचा आहे. आपल्याकडे २४० दिवस सलग भरू नयेत म्हणून ब्रेक देतात, तो प्रकार इथल्या कोणाला समजावून सांगायला नको. तिकडे कोणी मुद्दाम ब्रेक देत नसेल. तेथली रीतच अशी होती की कायमच्या जागेसाठी काहीतरी लवकर दाखवावे लागे, आणि या कामात लवकर दाखवण्यासारखे काही नव्हते. कॅम्बेल यांनी कायमच्या जागेसाठी खटपट केली. ती मिळाली नाही. १९९१ मध्ये त्यांनी खगोलशास्त्र सोडले आणि लोकांना प्राप्तिकराविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय पत्करला.

हे वाक्य मी वाचनालयात प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. त्याला कारण होते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात कॉम्प्रेसरच्या खोलीत एक कंत्राटी मदतनीस होता. त्याला कोणी सांगितले नव्हते, पण तो रोज रात्री बेअरिंगला हात लावून पाही आणि किती तापले ते एका वहीत टिपून ठेवी. चार वर्षे त्याने टिपले. मग कंत्राटदार बदलला आणि जुनी माणसे गेली. त्या वर्षी आम्ही जो करार केला तो फक्त कायम कामगारांपुरता होता, आणि त्या करारावर संघटनेच्या वतीने माझी सही आहे. पुढे दोन वर्षांनी ते बेअरिंग फुटले. तिथल्या इंजिनियरला खणात ती वही सापडली. भला माणूस होता, वही घेऊन आमच्या कचेरीत आला आणि विचारू लागला की हा कुठे भेटेल, याला सगळे आधीच दिसले होते. तो दुसऱ्या गावी रिक्षा चालवीत होता. मी पत्ता दिला. याहून अधिक मला काही देता आले नाही.

पुन्हा ताऱ्याकडे जाऊ. १९९२ मध्ये वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅमा वृषपर्वाविषयी दुसरा निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच प्रश्न आहे : हे ताऱ्याचे स्वतःभोवती फिरणे की ग्रह? कॅम्बेल तोपर्यंत या क्षेत्रात उरले नव्हते. या निबंधाने ग्रहाच्या विरुद्ध कौल दिला. त्याला कारणे होती आणि ती पोकळ नव्हती. ताऱ्याच्या प्रकाशातली कॅल्शियमची एक रेघही साधारण अडीच वर्षांच्याच तालात बदलते आहे असे त्यांना दिसले. शिवाय हा तारा फुगलेला, महाकाय वर्गातला आहे अशी तेव्हाची समजूत होती. महाकाय तारा स्वतःभोवती सावकाश फिरतो, त्याला एका गिरकीला अडीच वर्षे लागू शकतील. त्याच्या अंगावर डाग असले तर ते डाग समोर येताना आणि मागे जाताना वेग बदलल्याचा भास होईल. भोवऱ्यावर खडूची खूण केली की ती येते-जाते तसे. मग ग्रहाची गरज नाही.

याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत अ‍ॅटलांटाला एक प्रसंग घडला होता. इंग्लंडच्या अँड्र्यू लाइन यांनी आधल्या वर्षी एका स्पंदक ताऱ्याभोवती सहा महिन्यांत फिरणारा ग्रह जाहीर केला होता. सहा महिने म्हणजे आपल्याच वर्षाचा अर्धा. पृथ्वीची स्वतःची चाल हिशेबातून पुरेशी वजा झाली नव्हती, म्हणून तो भास झाला होता. लाइन यांनी भर सभेत उभे राहून आपली चूक सांगितली आणि सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांच्या पाठोपाठ अलेक्झांडर वोल्श्चान यांनी दुसऱ्या स्पंदकाभोवतीचे ग्रह मांडले, ते खरे ठरले. पण स्पंदक म्हणजे ताऱ्याचे कलेवर. सूर्यासारख्या जित्या ताऱ्याचा ग्रह अजून सापडायचाच होता. अशा हवेत वॉकर यांनी आपला दावा मागे घेतला, यात मी भित्रेपणा पाहत नाही. प्रामाणिक माणूस असाच वागेल. फक्त प्रामाणिकपणाने काढलेला निष्कर्षही चुकू शकतो, आणि इथे तो चुकला.

१९९५ चा ऑगस्ट उजाडला. वॉकर, कॅम्बेल आणि मंडळींच्या १२ वर्षांच्या कामाचा शेवटचा ताळेबंद छापला गेला. २१ तारे तपासले, गुरूसारखा ग्रह नाही. कोरे पान. आणि दोनच महिन्यांनी, ६ ऑक्टोबर १९९५ रोजी, इटलीत फ्लॉरेन्सला जिनिव्हाचे मिशेल मेयर उभे राहिले. त्यांनी सांगितले की महाश्व पुंजातल्या ५१ क्रमांकाच्या ताऱ्याभोवती गुरूच्या निम्म्या वजनाचा ग्रह आहे, आणि तो ४.२३ दिवसांत एक फेरी करतो. दिवसांत! बारा वर्षे नाही. हे काम त्यांनी आणि त्यांचा विद्यार्थी दिदिए केलोझ याने दक्षिण फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत केले होते. तिथल्या ताऱ्याचे डुलणे सेकंदाला ५०-६० मीटरचे. कॅनडाच्या नळीला ते सहज दिसले असते. पण त्यांच्या २१ ताऱ्यांत हा तारा नव्हता.

असा तारा शोधावा असे इतर कोणाला का सुचले नाही? एकाला सुचले होते. ऑटो स्ट्रूव्ह यांनी १९५२ मध्येच एका छोट्याशा टिपणात लिहिले होते की गुरूएवढा ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळ, एका दिवसात फिरणारा, असू नये असे काही कारण दिसत नाही, तेव्हा वेग अचूक मोजून पाहावे. ते टिपण ४३ वर्षे पडून राहिले. मोठे ग्रह दूर आणि लहान ग्रह जवळ, ही आपल्या सूर्याच्या घरची रीत. आणि आपल्या एका घरावरून सगळ्यांनी गावाची रीत ठरवून टाकली होती. कॅलिफोर्नियात जेफ्री मार्सी आणि पॉल बटलर हेही वर्षानुवर्षे वेध घेत होते. त्यांनी वॉकर-कॅम्बेल यांचीच नळी वापरली, फक्त त्या जहरी वायूऐवजी निरुपद्रवी आयोडीन भरले. पण ग्रह सावकाशच असणार या समजुतीने त्यांनी आकडे साठवून ठेवले होते. फ्लॉरेन्सची बातमी कळताच त्यांनी काही दिवसांत ती पडताळून पाहिली आणि मग साठवलेले आकडे उलगडले. १९९६ च्या जानेवारीत त्यांतून आणखी दोन ग्रह बाहेर पडले. त्यानंतर धरणाचे दार उघडावे तसे झाले. आज खात्रीने ठाऊक झालेल्या परग्रहांची संख्या ६००० च्या वर गेली आहे.

या गर्दीत गॅमा वृषपर्वाची कोणाला आठवण होती? टेक्सासच्या मॅक्डॉनल्ड वेधशाळेत आर्टी हात्झेस आणि विल्यम कॉक्रन यांनी तो तारा सोडला नव्हता. ते स्वतःचे वेध घेत राहिले. २००२ मध्ये त्यांनी आपले आकडे आणि कॅनडाचे १९८१ पासूनचे आकडे एकाखाली एक मांडले. वीस वर्षांहून जास्त काळाचा अखंड हजेरीपट तयार झाला. त्यात ती लाट आठ वेळा आली-गेली होती. दर वेळी तितकीच उंच, दर वेळी ठरल्या दिवशी. फेरी ९०६ दिवसांची, वेग सेकंदाला साडेसत्तावीस मीटर. ताऱ्यावरचे डाग उगवतात, विरतात, जागा बदलतात. वीस वर्षे ते इतके वक्तशीर राहत नाहीत. शिवाय ताऱ्याच्या अंगच्या घडामोडींत आता या तालाचा मागमूस सापडला नाही, आणि तारा पूर्वी समजले होते तितका महाकायही नाही असे ठरले होते. ग्रहच होता. १९८८ चे "बहुधा" बरोबर होते.

यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. टेक्सासच्या आकड्यांनी एकट्याने हे इतक्या ठामपणे सांगता आले नसते. लाट वीस वर्षे तशीच टिकली, हे दाखवायला पहिल्या दहा वर्षांची वही लागली. ती वही मौना केआवर त्या नळीशेजारी भरली गेली होती. २००३ मध्ये निबंध छापून आला तेव्हा त्यावर आठ नावे होती. सहावे वॉकर यांचे, सातवे ब्रूस कॅम्बेल यांचे, आठवे यांग यांचे. कॅम्बेल यांना खगोलशास्त्र सोडून तेव्हा बारा वर्षे झाली होती. त्यांचे नाव घालणाऱ्या टेक्सासच्या मंडळींविषयी मला आदर वाटतो. तसे त्यांनी केले नसते तरी कोणी जाब विचारला नसता.

२०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने लोकांचे कौल घेऊन काही परग्रहांना नावे दिली. वृषपर्व्यातल्या या ग्रहाला ताद्मोर हे नाव मिळाले. सीरियातल्या पाल्मायरा नगरीचे हे प्राचीन नाव. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथले बेलचे मंदिर सुरुंग लावून उडवले गेले होते. भारतालाही पुढे २०१९ मध्ये एका ताऱ्याचे आणि त्याच्या राक्षसी ग्रहाचे नामकरण करण्याचा मान मिळाला. ताऱ्याला बिभा चौधुरी या भौतिकशास्त्रज्ञ बाईंच्या नावावरून बिभा म्हटले, आणि ग्रहाला संतमस, म्हणजे ढगाळ. बिभाबाईंच्या कामाचीही हयातीत पुरेशी कदर झाली नव्हती. त्याच २०१९ साली मेयर आणि केलोझ यांना भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. तो त्यांचा हक्काचा होता. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह त्यांनी निःसंशय दाखवला आणि तो पाहताक्षणी ओळखायचे धैर्य त्यांच्यापाशी होते. त्याविषयी माझी तक्रार नाही. मला फक्त दुसरी वही कोणाची होती ते आज इथे नोंदवायचे होते.

ज्यांना तो तारा पाहायचा असेल त्यांनी दिवाळीपर्यंत थांबावे. त्या सुमारास रात्री नऊ वाजता गच्चीवर जाऊन उत्तरेकडे तोंड करावे. ध्रुवतारा आपल्याकडे तसा खालीच, क्षितिजापासून अठरा-एकोणीस अंशांवर असतो. हात लांब करून मूठ धरा आणि ध्रुवापासून सरळ वर एका मुठीहून थोडे अधिक मोजा. उजवीकडे वर शर्मिष्ठा दिसेल, आणि घर उलटे टांगलेले असल्यामुळे छपराचे टोक खाली, ध्रुवाकडे असेल. तो गॅमा. त्या रात्री तुमच्या डोळ्यांत जो प्रकाश शिरेल तो तिथून साधारण १९८० च्या सुमारास निघालेला असेल, जेव्हा इकडे पहिल्यांदा ती नळी दुर्बिणीला जोडली जात होती.